विद्युत् रोध तापक : प्रतिमान व तापमान-नियंत्रण

तारेच्या रोधामुळे विद्युत् प्रवाहापासून उत्पन्न होणारी उष्णता उपयोगात आणणाऱ्या साधनास रोध तापक म्हणतात. ठराविक तापमान राखावयाचे असल्यास तापकाचे वर्तन समीकरणात मांडावे लागते. ही मांडणी म्हणजे त्याचे प्रतिमान होय.

प्रतिमानाचे दोन्ही आधार जुने आहेत. तापलेल्या वस्तूच्या निवण्याची त्वरा तिच्या व भोवतालच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असते, हे आयझॅक न्यूटन यांनी १७०१ मध्ये मांडले. उष्णता रोधाच्या व प्रवाहाच्या वर्गाच्या सम प्रमाणात असते, हे जे. पी. जूल यांनी १८४१ मध्ये प्रसिद्ध केले. टिकाऊ तार मात्र ए. एल. मार्श यांच्या निकेल-क्रोमियम मिश्रधातूमुळे मिळाली (एकस्व १९०६). अँड्र्यू यूर यांनी १८३० मध्ये द्विधातुपट्टीच्या थर्मोस्टॅटचे एकस्व घेतले होते. पुढे अशा पट्ट्या विद्युत् मंडल जोडू-तोडू लागल्या.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वालावल (ता. कुडाळ) हे गाव काजूच्या पट्ट्यात मोडते. काजूवर प्रक्रिया करताना गर सु. ७०° से. तापमानाला काही तास वाळवतात, म्हणजे त्यावरील पातळ साल सुटते. तापमान फार चढल्यास गर करपतो आणि त्याची प्रत व किंमत उतरते. समजा, वाळवणपेटीत २,००० वॉटचा तापक आहे, दर अंश फरकामागे २० वॉट उष्णता बाहेर जाते व पेटीची उष्णताधारकता दर अंशास २४,००० जूल आहे. मग तिचा काल-स्थिरांक २० मिनिटे येतो; तेवढ्या वेळात अंतिम वाढीपैकी सु. ६३% वाढ होते. भोवताली ३०° असता ७०° राखण्यास ८०० वॉट, म्हणजे तापक ४०% वेळ चालू असणे पुरते. विद्युत् दाब १०% उतरल्यास शक्ती १९% घटते व हेच प्रमाण सु. ४९% होते.

या साध्या प्रतिमानानुसार, इष्ट तापमानाला प्रवाह तोडताच तापमान चढणे थांबावे. प्रत्यक्षात ते चढतच राहते, कारण तारेची उष्णता हवेला, हवेची गराला व तापमापकाला पोहोचण्यास वेळ लागतो. खरी अडचण या विलंबाचीच होती. ए. कॅलेंडर, डी. आर. हार्ट्री व ए. पोर्टर यांनी १९३६ मध्ये त्याचे गणित मांडले. जे. जी. झीग्लर व एन. बी. निकल्स यांनी १९४२ मध्ये ते कारखान्यांच्या आवाक्यात आणले : तापकाला एकदम ठराविक शक्ती द्यावी, तापमानाचा आलेख काढावा आणि त्यावरील विलंब व चढ मोजून नियंत्रक जुळवावा. मात्र ही चाचणी गर भरलेल्या पेटीवरच घ्यावी. रिकाम्या पेटीची उष्णताधारकता कमी असल्याने तिच्यावरील आकडे फसवे ठरतात.