कागद वाचून दाखवणारी बाई

जेवणंखाणं उरकून, भांडी पालथी घालून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. आज आम्ही एक जुनी गोष्ट सांगणार आहोत. पण तिची सुरुवात जुनी नाही, आमच्याच गटाच्या बैठकीतली आहे.

बैठक संपली, हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या. बाकीच्या उठायला लागल्या तशी एका ताईंनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. म्हणाल्या, "भाऊ म्हणतोय वारस नोंदीला लागतंय, सही करून ठेव. एवढं काय लिहिलंय ते बघा गं जरा." आम्ही कागद मोठ्यानं वाचला. ते हक्कसोडपत्र होतं. वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा ताई राजीखुशीनं, काहीही मोबदला न घेता सोडून देत आहेत, असं त्यात लिहिलं होतं. बायका गप्प झाल्या. ताई बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "असं वाचून दाखवणारी बाई त्या कचेरीत का नसते?"

त्या प्रश्नानं आम्हाला शोधायला लावलं. कायद्याच्या कचेरीत बाई कधी आली, तिला कोणी आत घेतलं नाही आणि ती कशासाठी दार वाजवत राहिली, ते आज ऐकू या.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. वकील म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काळा कोट घालून कोर्टात उभा राहिलेला माणूस येतो. पण कायद्याचं निम्मं काम कोर्टाच्या बाहेर, टेबलावर होतं. खरेदीखत तपासायचं, मृत्युपत्र लिहायचं, वाटणीचा कागद करायचा, नोटीस पाठवायची, पक्षकाराचं म्हणणं ऐकून घेऊन त्याची फाईल बांधायची. इंग्लंडात ही दोन कामं दोन वेगळ्या माणसांची. उच्च न्यायालयात उभा राहून बोलतो तो बॅरिस्टर आणि कचेरीत बसून कागद सांभाळतो तो सॉलिसिटर. इंग्रजांनी हीच रीत मुंबईच्या हायकोर्टातही आणली होती. तिथे पक्षकार आधी सॉलिसिटरकडे जायचा आणि सॉलिसिटर बॅरिस्टरकडे काम द्यायचा. मुंबईत सॉलिसिटर आजही आहेत. कायद्याची पदवी घेऊन, अनुभवी सॉलिसिटरच्या हाताखाली तीन वर्षं उमेदवारी करून, वेगळी परीक्षा दिल्यावर ही पदवी मिळते.

आता जुन्या गोष्टीकडे येऊ. १८६६ साली आपल्या नाशिकमध्ये एक मुलगी जन्मली. तिचं नाव कॉर्नेलिया सोराबजी. वडील पारशी घरातून ख्रिस्ती झालेले, आई पुण्यात मुलींच्या शाळा चालवणारी. बेळगाव आणि पुण्यात ती वाढली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली आणि पदवीच्या परीक्षेत अशी चमकली की इंग्लंडला जाऊन शिकण्याची सरकारी शिष्यवृत्ती तिलाच मिळायला हवी होती. ती मिळाली नाही. कारण एकच, ती मुलगी होती. मग तिकडच्या काही ओळखीच्या लोकांनी वर्गणी काढली आणि १८८९ साली ती ऑक्सफर्डला पोचली.

तिथे कायदा शिकणारी ती पहिली स्त्री. परीक्षेची वेळ आली तेव्हा तिला पुरुषांबरोबर बसू द्यायचं की नाही, यावरून अडलं. शेवटी विद्यापीठाला तिच्यासाठी खास ठराव करावा लागला. १८९२ साली तिनं परीक्षा दिली, ती पास झाली, पण पदवीचा कागद काही हातात पडला नाही. त्या काळी ऑक्सफर्ड बायकांना शिकू देई, परीक्षाही देऊ देई, फक्त पदवी देत नसे. तो नियम १९२० साली बदलला. कॉर्नेलियाबाईंनी आपली पदवी १९२२ साली घेतली. परीक्षा आणि पदवी यांत तीस वर्षं गेली, मैत्रिणींनो.

त्या रिकाम्या बसल्या नाहीत. लंडनमध्ये ली अँड पेंबर्टन नावाच्या सॉलिसिटरांच्या कचेरीत त्यांनी काम शिकून घेतलं. मग मायदेशी परतल्या. मुंबई विद्यापीठाची कायद्याची परीक्षा दिली, अलाहाबादला वकिलीची परीक्षा दिली. दोन्हीकडे पास. तरी सनद नाही. १८९६ साली पुण्यात एका खटल्यात त्या आरोपीच्या बाजूनं उभ्या राहिल्या, पण ते न्यायाधीशाच्या खास परवानगीनं. हक्कानं उभं राहायची सोय नव्हती.

पण त्यांनी कायदा शिकायचं ठरवलं ते कोर्ट गाजवायला नव्हे. त्या काळी बंगाल-बिहारकडच्या जमीनदारांच्या घरांत बायका पडद्यात असत. नवरा वारला की लाखांची इस्टेट त्या विधवेच्या किंवा तिच्या लहान मुलाच्या नावावर येई. पण परक्या पुरुषाशी ती बोलणार कशी? वकील पुरुष, न्यायाधीश पुरुष, कारकून पुरुष. मग कागद आत जाई तो दिराच्या, कारभाऱ्याच्या नाहीतर मुनिमाच्या हातून. "इथं अंगठा करा" एवढाच निरोप. आणि कागदात लिहिलेलं असे ते बहुतेक वेळा कागद आणणाऱ्याच्याच सोयीचं. बाई इस्टेटीची मालकीण आणि तिला स्वतःला मात्र खर्चाला पैसे मागावे लागत.

पडद्याआड जाऊन, तिच्यासमोर बसून, तिला तिच्या कागदाचा अर्थ सांगेल अशी कायदा शिकलेली बाई हवी, हे कॉर्नेलियाबाई सरकारला लिहून लिहून सांगत राहिल्या. १९०४ साली सरकारनं ऐकलं. 'कोर्ट ऑफ वॉर्ड्स' म्हणजे अज्ञान मुलांच्या आणि पडदानशीन बायकांच्या इस्टेटी सांभाळणारं सरकारी खातं. त्यात त्यांची नेमणूक झाली. पुढची जवळजवळ वीस वर्षं त्या बंगाल, बिहार, ओरिसा आणि आसाममध्ये हिंडल्या. सहाशेहून जास्त बायकांना आणि अनाथ मुलांना त्यांनी मदत केली असं सांगतात. कुणाची थकलेली पोटगी, कुणाच्या मुलाचं शिक्षण, कुणाचा अडवून ठेवलेला हिस्सा. सनद नसलेल्या बाईनं केलेलं हे काम.

एक गोष्ट लपवायची नाही. कॉर्नेलियाबाई स्वातंत्र्याच्या चळवळीच्या विरोधात होत्या, इंग्रजांचं राज्य त्यांना हवं होतं. त्यांचं सगळंच आपल्याला पटणार नाही. आणि ज्यांच्यासाठी त्या झटल्या, त्याही बहुतेक मोठ्या घरच्या बायका. शेतमजुरी करणाऱ्या बाईपर्यंत असं कुणी पोचायला अजून फार वेळ लागणार होता.

दरम्यान इतर बायकाही दार वाजवत होत्या. इंग्लंडात ग्वेनेथ बेब आणि आणखी तिघींनी सॉलिसिटर होण्यासाठी अर्ज केला. सॉलिसिटरांच्या संस्थेनं तो नाकारला, म्हणून १९१३ साली प्रकरण कोर्टात गेलं. कायद्यात लिहिलं होतं की पात्र 'व्यक्ती'ला सॉलिसिटर होता येईल. कोर्ट म्हणालं, या 'व्यक्ती'त बाई येत नाही, कारण आजवर कुणी बाई हे काम करत आलेली नाही. म्हणजे कधी केलं नाही म्हणून करू देणार नाही आणि करू देत नाही म्हणून कधी होणारही नाही! आपल्याकडे १९१६ साली कलकत्त्यात रेजिना गुहा यांना आणि १९२१ साली पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांना हायकोर्टांनी असंच परत पाठवलं. दोघींकडे कायद्याची पदवी होती.

मग एकेक कडी निघत गेली. इंग्लंडात १९१९ साली कायदा बदलला आणि १९२२ च्या डिसेंबरात कॅरी मॉरिसन तिथल्या पहिल्या महिला सॉलिसिटर झाल्या. इकडे १९२१ साली अलाहाबाद हायकोर्टानं कॉर्नेलियाबाईंना वकील म्हणून नोंदवून घेतलं. १९२३ साली आपल्या देशात कायदाच झाला की केवळ बाई आहे म्हणून कुणाला वकिलीपासून अडवता येणार नाही. त्याच सुमाराला मिठन टाटा, म्हणजे पुढच्या मिठन लाम, लंडनहून बॅरिस्टर होऊन आल्या आणि मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यांच्या पहिल्या कामाचा किस्सा सांगतात. पक्षकारानं मुद्दाम त्यांना वकील केलं, का? तर समोरच्याला बाईकडून हरल्याची लाज वाटावी म्हणून. काम मिळालं तेही असं! पण त्यांनी ते सोडलं नाही. १९४७ साली त्या मुंबईच्या शेरीफ झाल्या.

आता परत आमच्या ताईंच्या कागदाकडे येऊ.

पडदानशीन बायकांच्या या खटल्यांतून आपल्या कोर्टांत एक नियम पक्का झाला. अशा बाईच्या अंगठ्याचा कागद कोर्टात आणला, तर आणणाऱ्यानंच सिद्ध करायचं की तिला तो वाचून दाखवला होता, तिला तो समजला होता आणि तिनं तो आपल्या मर्जीनं केला होता. पुढे हे संरक्षण न्यायालयांनी अशिक्षित आणि वयस्क बायकांनाही लावलं. पण यावर विसंबून अंगठा करू नका. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे एकदा नोंदलं गेलं की ते फिरवायला वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. सहीआधीची दहा मिनिटं सहीनंतरच्या दहा वर्षांपेक्षा स्वस्त.

हेही लक्षात ठेवा. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे. २०२० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की त्यासाठी त्या वेळी वडील हयात असण्याचीही अट नाही. वारस नोंद करायला हक्क सोडावा लागत नाही. ती दोन वेगळी कामं आहेत. कुणाला भावासाठी हिस्सा सोडायचाच असेल तर तो तिचा अधिकार. आमचं म्हणणं एवढंच की काय सोडतोय ते कळून सोडावं.

आणि विचारायचं कुणाला? तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्यानं बाईला तिथे फुकट सल्ला आणि फुकट वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. १५१०० हा फोन नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

दुसरं, लेकींचं बघा. कायद्याच्या कचेरीत वकिलाखेरीज कितीतरी हात लागतात. कारकून, टंकलेखक, दस्तलेखक, मुद्रांक विक्रेते, कोर्टातले लिपिक, लघुलेखक, बेलिफ. बारावीनंतर पाच वर्षांत किंवा कुठल्याही पदवीनंतर तीन वर्षांत वकिलीचं शिक्षण होतं. आधी प्रवेशाची सीईटी द्यावी लागते. आणि तुमच्यातल्याच एखादीला विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून नाव देता येतं. त्याला वकिलीची पदवी लागत नाही. प्रशिक्षण ते देतात. गावात कागद वाचून दाखवायचा आणि पुढची वाट दाखवायची, हेच ते काम. कॉर्नेलियाबाई पडद्याआड बसून करत होत्या तेच.

आमच्या ताईंचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. त्या तालुक्याला जाऊन आल्या. तिथे नेमलेल्या वकील बाईंनी कागद दोनदा समजावून सांगितला. ताईंनी सही केलेली नाही. भाऊ रुसला आहे. यंदा भाऊबीजेला बोलावणं येईल की नाही, ही धाकधूक त्यांच्या मनात आहे आणि त्यावर आमच्याकडे औषध नाही. पण परवा त्या म्हणाल्या, "रुसला तर रुसू दे. मी त्याला सांगितलंय, बस, बोलू. पण आता मला माहीत आहे कशावर बोलायचंय ते."

त्यांची धाकटी लेक यंदा बारावीला आहे. त्या दिवशी तालुक्याला तीही बरोबर गेली होती. परत येताना एस.टी.त तिनं आईला विचारलं म्हणे, "त्या वकील बाई कुठं शिकल्या गं?"

पुढच्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीनं घरातला एक कागद आणा. सातबारा, कर्जाचा करार, विम्याची पावती, काहीही. एकीनं वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा. जिथं कळणार नाही तिथं खूण करा आणि आम्हाला कळवा. पुढच्या कार्यक्रमात तेच कागद घेऊन बसू. नमस्कार.