बेसवादकाचे कौशल्य मोजायचे कसे?

१/ अर्नाळ्याचा जलदुर्ग १७३७ मध्ये मराठ्यांच्या हाती आला आणि नव्याने बांधला गेला. त्याच्या महाद्वारावरील मराठी शिलालेखात बाजीराव पेशव्यांसोबत बाजी तुळाजी या शिल्पकाराचेही नाव आहे. पाया रचणाऱ्याचे नाव असे टिकणे दुर्मीळ. रॉक संगीताचा पाया रचणाऱ्या बेसवादकांना हे भाग्य क्वचितच लाभले.

२/ ‘गिटार जमली नाही म्हणून बेस हाती घेतली’, हा उपहास जुना आहे. परंतु निवाड्यापूर्वी पुरावा तपासावा, हा इतिहासाचा नियम. आणि येथे पुरावाच अपुरा आहे.

३/ फेंडर कंपनीची बेस गिटार १९५१ ची. तिच्या सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१. त्या काळच्या लहान रेडिओतून इतका खर्ज नीट उमटतच नसे. शिवाय तो फार वाढवल्यास तबकडीच्या खाचेतून सुई उडण्याची भीती, म्हणून ध्वनिमुद्रक तो दाबून ठेवत.

४/ १९६६ मध्ये बीटल्सच्या ‘पेपरबॅक रायटर’साठी लाउडस्पीकरच मायक्रोफोनसारखा वापरला गेला आणि पॉल मॅकार्टनीचा बेस ठळक झाला. वादक तोच होता. बदलले होते ते यंत्र.

५/ दुसरी उणीव नावांची. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत जेम्स जेमर्सनचा बेस आहे. पण तेथील वेष्टनावर त्याचे नाव ठळकपणे आले ते १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. मुंबईच्या चित्रपटगीतांच्या तबकड्यांवरही संगीतकार, गीतकार, गायक झळकत. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ मात्र श्रोत्यांना अनोळखीच राहिले.

६/ मग कसोटी कोणती? वेग नव्हे. वर सा-ग-प वाजत असताना खाली सा धरला तर भाव प्रसन्न. त्याच स्वरांखाली मंद्र धैवत धरला की तो उदास होतो. एका स्वराने अर्थ पालटतो. तो स्वर कोणता, ढोलाच्या कोणत्या ठोक्याला, आणि कोठे गप्प राहायचे, हे ठरवणे म्हणजे बेसवादन. डग्ग्याचा घुमारा ज्याला कळतो, त्याला हे निराळे सांगावे लागत नाही.

७/ १९८१ मध्ये रोलँड या जपानी कंपनीने बेसवादकाला पर्याय म्हणून टीबी-३०३ हे यंत्र आणले. त्यातून खऱ्या बेसचा भास होईना. १९८४ मध्ये उत्पादन थांबले.

८/ पण १९८२ मध्येच मुंबईच्या स्टुडिओंत गिटार आणि बेस वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी त्याच यंत्रावर दहा राग बांधले. ती तबकडी तेव्हा विकली गेली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा जगभरचे रसिक थक्क झाले: शिकागोतील ‘अ‍ॅसिड हाउस’चा गाजलेला नाद त्यांनी काही वर्षे आधीच गाठला होता.

९/ वादकाची जागा घ्यायला आलेल्या यंत्राचे सामर्थ्य ओळखले ते एका वादकानेच. कौशल्य बोटांइतकेच कानांत असते. जुने गाणे पुन्हा ऐकताना खालचा एक स्वर धरून शेवटपर्यंत जावे. वेष्टनावर नसलेले नाव तेथे वाजत असते.