सैनिकी आत्महत्या प्रतिबंध, दूरस्थ तळांवरील

मायदेश व कुटुंब यांपासून दूर असलेल्या लष्करी तळांवर सैनिकांच्या आत्महत्या टाळण्यासाठी योजलेले वैद्यकीय, प्रशासकीय व सामाजिक उपाय. ग्वाम, ओकिनावा (जपान), दिएगो गार्सिया (हिंदी महासागर), पिटुफिक (ग्रीनलंड) अशा तळांमुळे अमेरिकी सैन्यात या प्रश्नाचा विशेष विचार झाला आहे.

कारणे : आत्महत्येमागे सहसा एकच कारण नसते. नातेसंबंधांतील ताण, कर्ज, शिस्तभंगाची कारवाई, अपुरी झोप आणि मद्यपान हे धोके कोणत्याही छावणीत असतात. दूरस्थ तळावर मात्र ते झेलताना जवळचा माणूस शेजारी नसतो. दिएगो गार्सिया व पिटुफिक येथे कुटुंब सोबत नेता येत नाही. पिटुफिक आर्क्टिक वृत्ताच्या बरेच उत्तरेस असल्याने तेथे हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही. वेळेतील फरकामुळे घरच्यांशी बोलणेही अवघड होते. बढती थांबेल, गोपनीय कामाची परवानगी जाईल किंवा आपण दुबळे ठरू, या भीतीने सैनिक उपचार टाळतो. हा मोठाच अडसर आहे.

उपाय : अमेरिकी हवाई दलाने 1996 मध्ये सर्व दलासाठी कार्यक्रम सुरू करून आत्महत्या प्रतिबंधाची जबाबदारी डॉक्टरांबरोबर कमांडरांवरही सोपवली. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कार्यक्रमानंतरच्या काळात आत्महत्येचा सापेक्ष धोका 33 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. इस्राएली सैन्याने 2006 मध्ये सुट्टीवर जाताना शस्त्र तळावरच ठेवण्याचा नियम केला. त्यानंतर आत्महत्यांचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी उतरले. संकटाची घडी अनेकदा थोडा वेळच टिकते. त्या वेळी शस्त्र हाताशी नसले तर जीव वाचू शकतो.

2022 मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने दूरस्थ तळांवरील मनुष्यबळ, प्रशिक्षण आणि देखरेख यांतील उणिवा दाखवल्या. संरक्षण खात्याने नेमलेल्या स्वतंत्र समितीने फेब्रुवारी 2023 मधील अहवालात 127 शिफारशी केल्या. 2021 च्या ‘ब्रँडन कायद्या’नुसार सैनिकाला कारण न सांगता वरिष्ठांमार्फत मानसिक तपासणी मागता येते. हा कायदा ब्रँडन या नौसैनिकाच्या आत्महत्येनंतर त्याच्या आईवडिलांनी केलेल्या पाठपुराव्यातून झाला.

भारत : सशस्त्र दलांतील व्यक्ती व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी ‘टेली-मानस’ या राष्ट्रीय दूरध्वनी मानसिक आरोग्य सेवेचा विशेष कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात 1 डिसेंबर 2023 पासून सुरू झाला.

मूल्यमापन : केवळ व्याख्याने व भित्तिपत्रके पुरेशी नाहीत. तळावर पुरेसे समुपदेशक, गोपनीयतेची खात्री, नियमित रजा, शस्त्रांची सुरक्षित साठवण आणि मदत मागणाऱ्याचा मान राखणारा अधिकारी, ही सर्व व्यवस्था एकत्र हवी. आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. सहकारी खचलेला दिसल्यास त्याला थेट विचारावे, एकटे सोडू नये व मदतीपर्यंत स्वतः पोहोचवावे. भारतात ‘टेली-मानस’च्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत मदत मिळते.