पार्लमेंटचा कैवारी आणि मतदारांचा कौल

३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटनने युरोपीय संघाचा निरोप घेतला तेव्हा त्या घटनेचे श्रेय आणि अपश्रेय हयात पुढाऱ्यांच्या पदरात घालण्याची अहमहमिका लागली. परंतु या प्रकरणाचे मूळ शोधू जाता अभ्यासकाला अर्धशतक मागे जावे लागते, आणि तेथे त्याची गाठ पडते ती इनॉक पॉवेल या प्रकांड पंडित, तितक्याच हेकेखोर आणि स्वतःच्याच पक्षाला नकोशा झालेल्या हुजूरपक्षीय मुत्सद्द्याशी.

पॉवेलचा जन्म १९१२ साली बर्मिंगहॅममध्ये झाला. केंब्रिजमध्ये विद्याभ्यास संपवून वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो सिडनी विद्यापीठात ग्रीक भाषेचा प्राध्यापक झाला, आणि दुसऱ्या महायुद्धाला तोंड लागताच अध्यासन सोडून साधा शिपाई म्हणून पलटणीत दाखल झालेला हा गृहस्थ युद्ध संपण्यापूर्वीच ब्रिगेडियरच्या हुद्द्यावर पोचला. १९४३ ते १९४६ ही वर्षे त्याने हिंदुस्थानात काढली, उर्दू आत्मसात केली आणि एक दिवस व्हाइसरॉय होण्याची आकांक्षाही बाळगली. १९४७ साली हिंदुस्थानातील अंमल सोडण्याचा सरकारचा निर्णय ऐकून तो रात्रभर लंडनच्या रस्त्यांवर भटकत राहिला, असे सांगतात. साम्राज्य गेले म्हणताच त्याच्या आठवणींवर जगणे त्याला मंजूर नव्हते. इंग्लंडजवळ आता उरले ते पार्लमेंट, आणि त्याची सत्ता अखंड राहिली पाहिजे, हा सिद्धान्त त्याने उराशी धरला.

१९५० साली वुल्व्हरहॅम्प्टनमधून तो कॉमन्स सभेत निवडून आला. १९५८ मध्ये सुमारे पाच कोटी पौंडांच्या खर्चकपातीच्या वादात अर्थमंत्र्यासह त्यानेही खजिन्यातील उपमंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे तो आरोग्यमंत्रीही झाला. युरोपविरोध मात्र त्याच्यात उपजत नव्हता. १९६१ साली मॅकमिलन सरकारने युरोपीय समूहात, म्हणजे पुढच्या युरोपीय संघात, प्रवेशासाठी अर्ज केला तेव्हा पॉवेल त्याच सरकारात होता आणि या प्रश्नाकडे तो निव्वळ व्यापाराच्या दृष्टीने पाहत होता. हे मत १९६९ साली पालटले. तत्पूर्वी, २० एप्रिल १९६८ रोजी, बर्मिंगहॅमला त्याने परदेशातून आलेल्या स्थलांतरितांविरुद्ध जे जहाल भाषण केले, त्यामुळे पक्षनेते हीथ यांनी त्याला विरोधी पक्षाच्या छाया मंत्रिमंडळातून बडतर्फ केले. तो डाग पुसला गेला नाही. आणि उर्दू शिकलेल्या या माणसाच्या ‘राष्ट्रा’त हिंदुस्थान-पाकिस्तानातून आलेल्या गिरणी कामगाराला जागा नव्हती, हे त्याच्या युरोपविषयक तत्त्वज्ञानाचा विचार करतानाही विसरता येत नाही.

पुढे सत्तेवर आलेल्या हीथ सरकारने १९७२ साली मांडलेला प्रवेशाचा मसुदा अवघ्या बारा कलमांचा होता. परंतु त्यातील दुसऱ्या कलमान्वये युरोपीय समूहाचे कायदे पार्लमेंटच्या स्वतंत्र संमतीवाचून ब्रिटनमध्ये लागू व्हावयाचे होते, आणि पॉवेलचा सारा आक्षेप येथेच होता. लोणी महाग होईल की स्वस्त, हा त्याच्या लेखी गौण मुद्दा होता. कायदा करण्याचा आणि कर बसविण्याचा अखत्यार एकदा दुसऱ्याच्या हाती दिल्यावर मतदाराने जाब विचारावा तरी कोणाला, हा त्याचा प्रश्न होता. दुसऱ्या वाचनात सरकार केवळ आठ मतांनी तरले. त्यानंतर महिनोन् महिने घंटा वाजत, सभासद होकाराच्या आणि नकाराच्या दालनांतून रांगेने जात, दाराशी शिरगणती होई. अशी शंभराहून अधिक मतदाने झाली, आणि त्यांत हा हुजूरपक्षीय सभासद वारंवार आपल्याच सरकारविरुद्ध मत देत राहिला. मसुदा तरीही संमत झाला, आणि १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन समूहात दाखल झाले.

सभागृहात हरलेला हा दावा पॉवेलने मतदारांपुढे नेला. फेब्रुवारी १९७४ च्या निवडणुकीत त्याने उमेदवारी नाकारली आणि मजूर पक्षाने प्रवेशाच्या अटींचा फेरविचार करून लोकांचा कौल घेण्याचे वचन दिले असल्यामुळे त्या पक्षाला मत देण्याचा संकेत बर्मिंगहॅमच्या सभेतून दिला. एका सभेत कोणी ‘जूडास’ म्हणून ओरडला, तेव्हा जूडासला मोबदला मिळाला होता, मी मात्र त्याग करीत आहे, असे त्याने तेथल्या तेथे सुनावले. मजूर पक्षाला ३०१ आणि हुजूरपक्षाला २९७ जागा मिळाल्या. हीथ पायउतार झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पॉवेल उत्तर आयर्लंडमधील साउथ डाउनमधून अल्स्टर युनियनिस्ट म्हणून कॉमन्स सभेत परतला. परंतु १९७५ च्या सार्वमतात ६७ टक्के मतदारांनी समूहात राहण्याच्या बाजूने कौल दिला. एक पार्लमेंट पुढच्या पार्लमेंटचे हात बांधू शकत नाही, या जुन्या तत्त्वावर विसंबून हा निकाल कायमचा नव्हे, असेच पॉवेल मानीत राहिला. १९९८ साली तो निवर्तला.

२०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्क्यांनी बाहेर पडण्याचा कौल दिला, तेव्हा कॉमन्स सभेतील बहुसंख्य सभासद संघात राहण्याच्या मताचे होते. बाहेर पडण्याची नोटीस देण्यास पार्लमेंटचा कायदा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या जानेवारीत बजावले. आणि मग त्याच सभासदांनी ४९४ विरुद्ध १२२ मतांनी तो कायदा संमत केला. न्यायालयाने पार्लमेंटचा अधिकार राखला खरा. पण त्या अधिकाराचा विनियोग कसा करावयाचा, हे आधीच सभागृहाबाहेर ठरून गेले होते. पार्लमेंटहून वरचढ कोणी नसावे म्हणून पॉवेलने सर्वस्व पणाला लावले, आणि पार्लमेंटने साथ दिली नाही तेव्हा त्यानेच मतदाराला पार्लमेंटच्या डोक्यावर बसविले. ब्रसेल्सचा अंमल गेला, परंतु कॉमन्स सभेची जी निरंकुश सत्ता त्याला अभिप्रेत होती, ती त्या मार्गाने परत येणे शक्यच नव्हते.