ध्वनिमुद्रित गुरुवाणी : विपश्यना चळवळीतील तंत्रज्ञानाची भूमिका

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आलेल्या अनेक धार्मिक चळवळींनी तंत्रज्ञानाचा उपयोग प्रसारासाठी केला. काही चळवळींत मात्र गुरूचा अधिकारच यंत्राच्या आधारे टिकला. चऱ्होली परिसरात हा फरक जवळून दिसतो. शेजारच्या आळंदीत विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था स्थापून कीर्तनकार घडविण्याची सोय केली. आळंदीपुढे मरकळ येथे 'धम्मानंद' हे विपश्यना केंद्र असून तेथील शिबिरे ध्वनिमुद्रित वाणीवर चालतात.

विज्ञानाची परिभाषा

सत्यनारायण गोयंका (१९२४–२०१३) हे ब्रह्मदेशातील भारतीय वंशाचे उद्योजक. अर्धशिशीवर उपाय शोधताना ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. भारतातील त्यांचे पहिले शिबिर जुलै १९६९ मध्ये मुंबईत झाले. पुढे इगतपुरीचे 'धम्मगिरी' केंद्र उभे राहिले आणि १९८५ मध्ये विपश्यना विशोधन विन्यास स्थापन झाला. अभ्यासक या चळवळीची गणना नवधार्मिक चळवळींत करीत असले, तरी साधक तिला धर्मसंप्रदाय मानीत नाहीत. 'स्वतः अनुभवा, मगच माना' ही तिची भूमिका विज्ञानाच्या परिभाषेत मांडली गेली. त्यामुळे विविध धर्मांच्या सुशिक्षितांना ती स्वीकारणे सुलभ झाले.

यंत्र आणि गुरू

शिबिरांची मागणी वाढली, तेव्हा एका गुरूने सर्वत्र उपस्थित राहणे अशक्य झाले. १९८० च्या दशकाच्या प्रारंभापासून सहायक आचार्य नेमण्यात आले. साधनेच्या सूचना व सायंकालीन प्रवचने गोयंकांच्याच मुद्रित आवाजात राहिली. शंकानिरसन सहायक आचार्य करू लागले. दहा दिवस साधकाचा भ्रमणध्वनी जमा असतो, परंतु शिकवण यंत्रातूनच येते. २९ सप्टेंबर २०१३ रोजी गोयंकांचे निधन झाल्यावरही शिबिरांचा क्रम खंडित झाला नाही.

समारोप

या व्यवस्थेमुळे शिकवणीत भेसळ होण्यास व गादीच्या वादास फारसा वाव राहिला नाही, हे तिचे मोठे यश होय. कीर्तनकार मात्र जुन्याच अभंगावर यंदाच्या दुष्काळाचा वा गावच्या तंट्याचा दाखला जोडू शकतो. प्रसंगी त्याचे निरूपण घसरतेही. मुद्रित वाणी घसरत नाही, तसेच नवा दाखलाही देत नाही. तंत्रज्ञानाने परंपरा जतन केली. परंतु तिच्यात भर घालण्याचा अधिकार कोणाकडे, हा प्रश्न पुढील पिढीसमोर उभा आहे.