बिस्मार्कची पेन्शन

सरकारनं काही दिलं की आमच्या गावात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो उपकार, दुसरा म्हणतो लाच. मला अशा वेळी जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क आठवतो.

१८७८ मध्ये त्यानं समाजवाद्यांविरुद्ध कायदा आणला. संघटना बंद, सभा बंद, वर्तमानपत्रं बंद. (आमच्या धंद्यातल्या माणसाला हे आधी दिसतं.) उमेदवार म्हणून उभं राहता यायचं, एवढीच फट उरली. मग याच माणसानं कामगारांना आजारपणाचा विमा दिला १८८३ मध्ये, अपघाताचा १८८४ मध्ये आणि १८८९ मध्ये म्हातारपणाची पेन्शन. हेतूही लपवला नाही. ज्याला पेन्शनची खात्री, तो समाधानी राहतो, सांभाळायला सोपा जातो, असं तो उघड म्हणायचा.

आता मेख बघा. पेन्शन सत्तराव्या वर्षी. तिथवर पोचणारे कामगार थोडेच! आणि आजारपणाच्या विम्याचा दोन तृतीयांश हप्ता कामगाराच्याच पगारातून.

समाजवाद्यांचा पेपर झुरिकला छापून चोरून आत यायचा. त्यांची मतं १८७८ मध्ये ४ लाख ३७ हजार होती, १८९० मध्ये १४ लाखांवर गेली. त्याच वर्षी बिस्मार्कची खुर्ची गेली, बंदीचा कायदाही संपला.

तरी डाव अगदीच फसला असं मी म्हणणार नाही. कैसरशाही १९१८ पर्यंत टिकली, त्यात या विम्याचा हात होताच. पण हप्ता जास्त म्हणून विमा फंडांच्या कारभारातही दोन तृतीयांश जागा कामगारांच्या होत्या. पुढं त्याच जागांवर समाजवादी कार्यकर्ते निवडून येऊ लागले.