अश्वशक्ती ह्या संज्ञेचे दोन अर्थ : निजाम व होळकर यांच्या मोटारी

बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यास लागून असलेल्या जामखेड तालुक्यातील चौंडी हे अहिल्याबाई होळकरांचे जन्मग्राम होय. ह्या दोन राजघराण्यांनी मागविलेल्या दोन मोटारींवरून इंग्रजी व अमेरिकन आलिशान गाड्यांची तुलना चांगली करता येते. मात्र संग्राहकांची अशी तुलना पुष्कळदा एका शब्दापाशी अडते.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १९११ मध्ये रोल्स-रॉईसची ‘सिल्व्हर घोस्ट’ मागविली. ती येण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. लंडनच्या बार्कर कंपनीने तिच्या सांगाड्यावर पिवळा साज चढवून आत सिंहासनवजा आसन बसविले. सातव्या निजामांनी ती क्वचितच वापरली. इंदूरचे दुसरे यशवंतराव होळकर यांनी १९३५ च्या सुमारास इंडियानापोलिसच्या ड्यूसेनबर्ग कंपनीची ‘एसजे’ मागविली.

पहिलीची शक्ती ‘४०/५०’, दुसरीची ३२० अशी सांगितली जाते. ह्यावरून अमेरिकन गाडी सहापट बलवान ठरविणे ही केवळ शब्दाने केलेली फसगत होय. रोल्स-रॉईसचा आकडा करआकारणीच्या सूत्रातला आहे : सिलिंडरचा व्यास इंचांत घेऊन त्याचा वर्ग करावयाचा, सिलिंडरांच्या संख्येने गुणावयाचे व २.५ ने भागावयाचे. दट्ट्याची धाव किंवा यंत्राच्या फेऱ्या ह्यांचा त्यात विचारच नाही. साडेचार इंच व्यासाच्या सहा सिलिंडरांस हे सूत्र ४८.६ देते. ड्यूसेनबर्गचा आकडा उत्पादकाने स्वतः जाहीर केलेला. तिच्या पावणेचार इंची आठ सिलिंडरांस तेच सूत्र लावल्यास उत्तर येते ४५! म्हणून रोल्स-रॉईस अधिक समर्थ होती असे नव्हे. दोन तपांनंतरचे ड्यूसेनबर्गचे यंत्र कितीतरी अधिक वेगाने फिरे. ब्रिटनमध्ये १९२१ पासून ह्याच सूत्रावर दर अश्वशक्तीस एक पौंड कर बसला, आणि सामान्य इंग्रजी गाड्यांचे सिलिंडर अरुंद व लांब होत गेले. अमेरिकेत कारखानदारांवर असे बंधन नव्हते.

मराठीने हे दोन्ही अर्थ एकाच ‘अश्वशक्ती’त कोंबले. (मराठवाड्यात विहिरीचे पाणी ओढी तो बैल, भाषांतरात आला मात्र घोडा.) बीडकडच्या शेतकऱ्याची ‘पाच एच.पी.ची मोटार’ म्हणजे विहिरीवरचा पंप. तेथील आकडा प्रत्यक्ष कामाचा असतो, कराचा नव्हे.

‘इंग्रजी’ व ‘अमेरिकन’ हे शब्दही तपासूनच घ्यावे लागतात. दोन्ही कारखाने बहुधा नुसता सांगाडा विकत; वरचा साज दुसरा कारागीर चढवी. सांगाडा व साज मूळचेच आहेत की नाही, ह्यावर संग्राहक किंमत ठरवितो. होळकरांच्या अमेरिकन गाडीचा केशरी-काळा साज लंडनच्या गर्नी नटिंगने घडविला होता. ती पुढे अमेरिकेत परत गेली. निजामांची गाडी हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात राहिली.